गल्याथाला कोणी मारले?

बायबलच्या जुन्या करारात एक मोठे अडचणीचे वाक्य आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात ते येते. गोब या ठिकाणी पलिष्ट्यांशी पुन्हा एकदा लढाई जुंपली आणि बेथलेहेम गावच्या एलहानान नावाच्या माणसाने गथच्या गल्याथाला ठार केले. त्या गल्याथाच्या भाल्याचा दांडा साळ्याच्या तुरीएवढा जाड होता, अशा आशयाचे ते वाक्य. पुढे काही नाही. एलहानानाचे पुढे काय झाले, त्याला काय बक्षीस मिळाले, त्याच्या नावाने कोणी गाणे रचले की नाही, यांपैकी कशाचाही पत्ता नाही.

आता गल्याथाला दावीदाने मारले हे ज्याने बायबल कधी हातात धरले नाही त्यालाही ठाऊक असते. गोफण, गुळगुळीत गोटे आणि कपाळात रुतलेला धोंडा हे सारे जगाच्या तोंडी झालेले आहे. मग हा एलहानान कोण? आणि एकच माणूस दोनदा, दोघांच्या हातून कसा मेला?

असले प्रश्न आपल्याकडे विचारले गेले ते बहुधा भांडणासाठी. १८३० च्या सुमारास मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी आठवड्यामागून आठवडे झगडत होते. पाद्र्यांनी आमच्या पुराणांतील विसंगती काढून दाखवाव्या, आणि आमच्या शास्त्र्यांनी त्यांच्या पवित्र ग्रंथातील विसंगती काढून त्यांच्यापुढे टाकाव्या, असा तो मामला. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते. ज्या ग्रंथात विसंगती सापडते तो ग्रंथ खोटा, हे दोघांनाही मान्य होते. भांडणाऱ्यांचे जेथे एकमत असते तेथे वाचकाने थोडे थांबून पाहावे. प्रस्तुत लेखकाचा धंदा कादंबऱ्या लिहिण्याचा आणि पोट भरण्याचे साधन शाळेत मुलांना शिकवण्याचे. धर्मशास्त्र हा आपला प्रांत नव्हे. पण जुनी गोष्ट कशी घडते, ती कोणाच्या तोंडून कोणाच्या तोंडी जाताना कोठे वाकते, याचा विचार करण्याचा अधिकार कथालेखकाला असावयास हरकत नाही.

प्रथम एलहानानाचीच फिर्याद ऐकू.

शमुवेलानंतर काही शतकांनी ‘इतिहास’ या नावाची दोन पुस्तके लिहिली गेली. त्यांचा कर्ता व्यवस्थित माणूस होता. जुने ग्रंथ समोर ठेवून त्याने लिहिले आणि जेथे जेथे दावीदाच्या कीर्तीला खरचटल्यासारखे दिसले तेथे तेथे रंगाचा हात फिरवला. बथशेबेचे प्रकरण त्याने गाळलेच. एलहानानाच्या वाक्याशी येताच हा गृहस्थ अडखळला असणार. त्याच्या पुस्तकात हे वाक्य असे येते, की याईराचा मुलगा एलहानान याने गल्याथाचा भाऊ लहमी याला मारले. झाले! गल्याथ दावीदाच्या वाट्याला, भाऊ एलहानानाच्या वाट्याला. तंटा मिटला.

पण हा लहमी आला कोठून? इब्री भाषेत ‘बेथलेहेमचा’ या अर्थाचा जो शब्द आहे त्याचा शेवटचा तुकडा ‘लहमी’ असाच आहे. म्हणजे मारणाऱ्याच्या गावाच्या नावातून मेलेला माणूस निर्माण झाला! ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. ओळीच्या ओळी एका दमात चाललेल्या असतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाईस मिळालेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यानंतर आपल्याकडे दप्तरे वाचणाऱ्यांची जी परंपरा झाली तिला हे दुखणे चांगले परिचयाचे आहे. शब्द भलतीकडे तुटला की गावाचा माणूस होतो आणि माणसाचे गाव होते. शमुवेलाची प्रतही या ठिकाणी धड नाहीच. तेथे एलहानानाच्या बापाच्या नावाला ‘ओरगीम’ असे एक शेपूट चिकटले आहे. ओरगीम म्हणजे विणकर. शेजारच्या ‘साळ्याच्या तुरी’तला साळी नकलनविसाची नजर घसरून बापाच्या नावात जाऊन बसला. तेव्हा मूळ वाक्य किडलेले आहे हे उघड आहे. प्रश्न एवढाच की ते कोणत्या बाजूने किडले. भाऊ मूळचा होता आणि गळला, की मूळचा नव्हता आणि घातला? बहुतेक विद्वानांचा कौल दुसऱ्या बाजूला आहे, आणि लेखक म्हणून मलाही तोच पटतो. प्रसिद्ध राजाच्या नावावरचा पराक्रम काढून अनोळखी शिपायाच्या नावावर लिहून ठेवण्याचे कारण कोणालाही नव्हते. उलट दिशेने ओढणारी कारणे मात्र पुष्कळ होती.

पुढच्या लोकांनी तर गंमतच केली. इंग्रजांनी १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने जे भाषांतर छापले त्यात शमुवेलाच्या वाक्यातही ‘भाऊ’ हा शब्द घातला. मात्र मुळात नसलेला शब्द म्हणून तो वेगळ्या टाइपात छापण्याचा प्रामाणिकपणा दाखवला. ज्यू भाष्यकारांपैकी काहींनी याहूनही सोपा मार्ग काढला. एलहानान हे दावीदाचेच दुसरे नाव, असे त्यांनी ठरवून टाकले.

आता गल्याथाच्या उंचीकडे वळू. आपल्या छापील बायबलात ती सहा हात आणि एक वीत आहे. हात आणि वीत ही मापे आपल्याला समजावून द्यावी लागत नाहीत, हे मराठी वाचकाचे भाग्यच. हात दीड फुटाचा धरला तर हा माणूस पावणेदहा फूट भरतो. पण ख्रिस्तापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतराच्या जुन्या प्रतींत ही उंची चार हात आणि एक वीत आहे. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसीफस तीच देतो. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत १९४७ पासून जी जुनी हस्तलिखिते सापडू लागली त्यांत शमुवेलाची एक जीर्ण इब्री प्रत आहे. तिच्यातही चार हातच आहेत. म्हणजे जुन्या साक्षीप्रमाणे गल्याथ पावणेसात फुटांचा होता. तालमीत असा एखादा पैलवान दिसला तर आपण मान वर करून पाहू, पण त्याला राक्षस म्हणणार नाही.

हे लहान माप धरले की कथेत एक वेगळीच गोष्ट दिसू लागते. शौल राजाची ओळख करून देताना शमुवेलाने सांगितले आहे की तो साऱ्या लोकांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता. म्हणजे इस्राएलाचा धिप्पाड माणूस तो. गल्याथासमोर उभे राहावयाचे कोणी, तर शौलाने. आणि तोच तंबूत बसून आहे. आपले चिलखत एका पोराच्या अंगावर चढवून पाहतो आहे. पावणेदहा फुटांच्या राक्षसापुढे कोणीही भ्याले तर त्यात लाज कसली? पावणेसात फुटांच्या माणसापुढे उंच राजा भ्याला, ही लाजिरवाणी गोष्ट झाली, आणि कथेचा सारा डंख तिच्यात आहे. नंतर कोणीतरी दोन हात वाढवले आणि दावीदाचा पराक्रम मोठा करताना शौलाचा भित्रेपणा झाकून टाकला. शत्रूची उंची वाढवली की आपल्याच गोष्टीतले काय बुडते, हे वाढवणाऱ्याला बहुधा कळत नाही.

दावीदाच्या या प्रकरणात आणखीही सांधे दिसतात. सोळाव्या अध्यायात तो शौलापाशी वीणा वाजवणारा, त्याचा शस्त्रवाहक, राजाच्या मर्जीतला. सतराव्याच्या शेवटी गल्याथ पडल्यावर शौल विचारतो, हा पोरगा कोणाचा? तेथेच एका वाक्यात दावीदाने तलवारीवाचून शत्रूला मारले असे आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात शत्रूचीच तलवार उपसून त्याला मारले असे आहे. व्हॅटिकन प्रत म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रीक हस्तलिखितात यातला बराच भाग नाही. बापाने भावांसाठी हुरडा-भाकरी आणि सरदारासाठी पनीर देऊन धाकट्याला छावणीवर धाडले, थोरला भाऊ त्याच्यावर खेकसला, हा सगळा घरगुती आणि रसाळ मजकूर तिथे गैरहजर आहे. शौलाचा तो विचित्र प्रश्नही नाही. उघडच दोन कथा होत्या. एकीत दावीद दरबारचा तरुण, दुसरीत रानातून आलेला मेंढपाळ. कोणा संपादकापुढे दोन्ही आल्या आणि त्याने एकही फेकली नाही.

मला हा संपादक फार आवडतो. मी त्याच्या जागी असतो तर दुसरी कथा ठेवून पहिली काढली असती, कारण कादंबरीला तीच बरी. त्याने तसे केले नाही. प्रश्न पडतील हे त्याला दिसत नव्हते असे मानणे म्हणजे त्याला मूर्ख समजणे होय, आणि ज्याने दावीदाच्या म्हातारपणाची ती थोर कहाणी जुळवली तो मूर्ख खास नव्हता.

सातारा जिल्ह्यातल्या माणसाला एवढे वाचल्यावर प्रतापगड आठवल्यावाचून राहणार नाही. १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट. शाळेत मुलांना त्या प्रसंगाचे चित्र काढावयास सांगितले की खानाचे डोके शामियान्याच्या छताला टेकते आणि महाराज त्याच्या कमरेशी येतात, दरवर्षी येतात. खान धिप्पाड होता याबद्दल वाद नाही, पण पोरांच्या कागदावर तो जो वाढतो तो चार हातांचा सहा हात झालेल्या गल्याथासारखा. आता सभासदाची बखर उघडा. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ च्या सुमारास राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस लिहिली. महाराजांनी वाघनख आणि बिचवा चालवला. खान बाहेर धावला. भोयांनी त्याला पालखीत घातले. तेव्हा संभाजी कावजीने भोयांचे पाय तोडले आणि खानाचे शिर कापून आणले, असे सभासद सांगतो. मग खानाला कोणी मारले? आमच्याकडे हा प्रश्न कोणाला पडत नाही, आणि पडावयाचे कारणही नाही. महाराजांनी मारले आणि कावजीने शिर आणले, दोन्ही सुखाने नांदतात. सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला नसता तर काय झाले असते, तेही लोकांनी विसरून दिले नाही. होता जिवा म्हणून वाचला शिवा, ही म्हण कोणा शास्त्र्याने नव्हे, लोकांनी केली. राजाचा मोठेपणा त्यामुळे तिळभर कमी झालेला नाही.

शमुवेलाचा तो एकविसावा अध्याय या प्रकाशात वाचावा. एलहानानाच्या वाक्याआधी दुसरा एक प्रसंग आहे. दावीद आता वयस्क झाला आहे. लढता लढता तो थकतो. इशबी-बनोब नावाचा एक महाकाय पलिष्टी त्याला मारावयास येतो. तेव्हा सरूवेचा मुलगा अबीशय धावून येतो आणि त्या पलिष्ट्याला लोळवतो. मग दावीदाची माणसे शपथ घेऊन त्याला सांगतात, की यापुढे आपण आमच्याबरोबर लढाईस यावयाचे नाही. इस्राएलाचा दिवा मालवून चालणार नाही. गोफणीने महाकाय पाडणारा तो पोर आणि महाकायासमोर दम लागलेला हा म्हातारा, दोघे एकाच ग्रंथात आहेत. त्या पानावर अबीशय, सिब्बखय, एलहानान, योनाथान अशी चार शिपायांची नावे ओळीने येतात. एकेकाला एकेक वाक्य. ही गडाच्या पायथ्याशी बसलेल्या म्हाताऱ्या मावळ्यांनी सांगितलेली यादी आहे. दरबारी कवीची नव्हे. ‘इतिहास’कर्त्याने थकलेल्या दावीदाचा प्रसंग गाळला. अबीशयाने राजाला वाचवले, हेही अर्थातच त्याबरोबर गेले. विसंगती नाहीशी करावयाची म्हणजे पुष्कळदा कोणा जिवा महालाला नाहीसे करावयाचे, असा हा व्यवहार आहे, आणि म्हणून मला तो क्षम्य वाटत नाही.

जलप्रलयाचा प्रश्न याहून जुना आणि मोठा. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात नेफिलीम नावाचे महाकाय प्रलयापूर्वी पृथ्वीवर होते असे सांगितले आहे. पुढे प्रलय येतो. नोहा, त्याचे कुटुंब आणि तारवातले प्राणी सोडून सगळे मरतात. मग गणनेच्या तेराव्या अध्यायात मोशेचे हेर कनान देश पाहून येतात आणि सांगतात, आम्ही तेथे नेफिलीम पाहिले! बुडालेले वर कसे आले? उत्पत्तीत ‘आणि नंतरही’ अशी दोन शब्दांची ठिगळपट्टी आहे. ती कोणी तरी हाच प्रश्न पडल्यामुळे लावली असावी असे अनेकांना वाटते.

महाभारत वाचणाऱ्याला या बाबतीत हसण्याची सोय नाही. परशुरामाने पृथ्वी निःक्षत्रिय केली. एकदा नव्हे, एकवीस वेळा. पहिल्या वेळी काम पुरे झाले असते तर उरलेल्या वीस वेळांची गरज काय होती? आणि एकविसावी खेप झाल्यावरही भीष्माशी लढावयास परशुराम येतोच, आणि भीष्म क्षत्रियच असतो. शांतिपर्वात याचा खुलासा आहे. पृथ्वी कश्यपाला सांगते की काही राजपुत्र मी लपवून ठेवले आहेत. कोणाला अस्वलांनी सांभाळले, कोणाला गाईंनी वाढवले. ज्यू दंतकथेतला खुलासा याच घरचा आहे. बाशानचा राजा ओग हा महाकाय तारवाच्या बाहेर चिकटून बसला आणि नोहा त्याला एका भोकातून रोज अन्न देत असे! गोष्ट सांगणाऱ्याला कोणीतरी पोराने प्रश्न विचारला, आणि रात्रीच्या रात्रीत अस्वले आणि भोक तयार झाले. शिक्षकाला हे चटकन उमगते.

गणनेतल्या हेरांपुरते मात्र खुलाशाचीही गरज नाही. वाक्य कोणाच्या तोंडी आहे एवढे पाहिले म्हणजे पुरे. नेफिलीम पाहिले असे ग्रंथकार सांगत नाही. भ्यालेली दहा माणसे सांगतात. आपण त्यांच्यापुढे टोळासारखे दिसत होतो, असे तीच म्हणतात, आणि आपण त्यांनाही तसेच वाटलो असू हे स्वतःच ठरवून टाकतात. ग्रंथकाराने त्यांच्या बातमीला वाईट बातमी म्हटले आहे. बाराव्यांपैकी कालेब तोच देश पाहून आला आणि चला, घेऊ या म्हणाला. पात्राचे बोलणे ग्रंथकाराच्या माथी मारावयाचे हा वादविवादातला सर्वांत जुना दोष आहे. आमच्या कादंबऱ्यांवरच्या परीक्षणांतही तो भेटतो, पण ते असो. एक गोष्ट मात्र खरी. अनाकाचे वंशज उंच होते असे अनुवाद हे पुस्तक पुढे आपल्याच आवाजात सांगते, तेव्हा हेरांचे सगळेच खोटे होते असे म्हणता येत नाही. शिवाय त्या अनाकवंशीयांना हेब्रोनमधून कोणी काढले याची उत्तरे तीन आहेत: यहोशवाने, कालेबाने, यहूदाच्या लोकांनी. पुन्हा तेच, सेनापतीच्या नावावर एक, शिपायाच्या नावावर एक.

ओगाचे प्रकरण मला सर्वांत खोल वाटते. अनुवादाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की रेफाई लोकांपैकी ओग तेवढा उरला होता. त्याचा लोखंडी पलंग अम्मोन्यांच्या राब्बा शहरात आहे. नऊ हात लांब, चार हात रुंद. म्हणजे साडेतेरा फूट बाय सहा फूट. हा शेवटचा. आणि दावीदाच्या काळात गथ शहरात रेफाच्या वंशाचे चार जण पुन्हा हजर! पलंगाविषयी विद्वानांनी बरेच लिहिले आहे. कोणी म्हणतात ती काळ्या दगडाची शवपेटी असेल. बाशानच्या मुलखात, म्हणजे आजच्या गोलानच्या पठारावर, अवाढव्य शिळांची प्राचीन थडगी शेकड्यांनी आहेत. बाबिलोनच्या देवळातील मार्दुक देवाच्या पलंगाचे मापही एका मृत्तिकापट्टीवर नऊ हात आणि चार हात असेच दिले आहे, तेव्हा हे माप माणसाचे नसून देवाच्या इतमामाचे असावे असाही एक तर्क आहे. मला शिळांचा तर्क अधिक जवळचा वाटतो. वाईजवळच्या गडाला आपण पांडवगड म्हणतो, आणि वाई हीच विराटनगरी असे तेथला माणूस सांगतो. नाशिकच्या बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणत आलो. एवढा दगड सामान्य माणसाला हलणार नाही, तेव्हा तो भीमानेच हलवला असणार, हा गावोगावचा इतिहासलेखनाचा पहिला नियम आहे.

आता रेफाई या शब्दाचीच अडचण घ्या. अनुवादात ते जिवंत, उंच, लढाऊ लोक आहेत. यशयाच्या पुस्तकात तोच शब्द मेलेल्यांना लावला आहे. पाताळात पडलेल्या, बळ गेलेल्या छायांना. महाकाय आणि छाया एकाच नावाच्या कशा? सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा येथे १९२९ पासून जे उत्खनन झाले त्यात उगारित नगराच्या मातीच्या पट्ट्या निघाल्या. तेथे याच नावाच्या सख्ख्या भावाने मेलेल्या पूर्वज राजांना हाक मारून बोलावले जाते. सातारा-सांगलीकडच्या वाचकाला फार लांब जावे लागू नये. गावाबाहेर वीरगळ असतो. लढाईत पडलेला कोणी एक शिपाई तीन चौकटींत कोरलेला असतो. खाली लढतो, मधे अप्सरा त्याला नेतात, वर शिवापाशी बसतो. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. पण त्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतो, आणि तो पुरुषभर नव्हे, ताडमाड होता असे सांगितले जाते. मेलेला माणूस आठवणीत वाढत जातो. जो पूर्वी या जमिनीचा धनी होता तो तर फारच वाढतो.

‘जमिनीचा धनी’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायात एक विलक्षण यादी आहे. मवाबी लोकांनी एमी नावाच्या उंच लोकांना घालवून त्यांचा देश घेतला. अम्मोनी लोकांनी जमजुम्मी नावाच्या उंच लोकांना घालवून त्यांचा देश घेतला. इस्राएल लोकांनी अनाकी आणि ओग यांना घालवले. जो तो आला, त्याच्या आधी त्या ठिकाणी महाकायच राहत होते! मग महाकाय ही जात कसली? ज्याची जमीन घेतली त्याचे ते नाव. कटगुणचे मूळ असलेल्या घराण्यातल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. राक्षस म्हणजे मूळचे रक्षक, या भूमीचे राखणदार, असा अर्थ त्यांनी लावला. शब्दशास्त्राच्या काट्यावर ती व्युत्पत्ती टिकेल न टिकेल. वाचण्याची रीत म्हणून तिच्यातली नजर जबर होती. जेथे जेथे पोथीत दैत्य मेला आहे तेथे तेथे त्या माणसाने विचारले, याचे शेत कोणाकडे गेले?

त्या दृष्टीने पाहिले म्हणजे ‘शेवटचा रेफाई’ हे वाक्य आणि त्यानंतर पुन्हा निघालेले चार रेफाई यांचा मेळ बसत नाही हेच बरे वाटते. निःक्षत्रिय पृथ्वीवर क्षत्रिय उरतात. महाकायांच्या अंतानंतर महाकाय उरतात. समूळ नाश केला असे लिहिणाऱ्याची बढाई आणि तीच माणसे पुढच्या पानावर जिवंत दिसल्याची नोंद, दोन्ही ग्रंथाने ठेवल्या. आमचा घटोत्कच आठवा. तो पांडवांचा मुलगा, पांडवांसाठी लढतो, मरताना देह फुगवून कौरवांच्या सैन्यावर पडतो. तो पडल्यावर पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. कर्णाची शक्ती खर्ची पडली हे कारण तो सांगतो, ते समजते. पण पुढे तो म्हणतो की हा यज्ञांचा द्वेष्टा होता, कर्णाने मारले नसते तर मलाच मारावा लागला असता. हे दुसरे कारण पहिल्याला खाऊन टाकते. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. डॉ. सुखटणकरांनी घालून दिलेल्या रीतीने गणपती लेखक झाल्याची लाडकी कथासुद्धा संहितेतून काढून परिशिष्टात घातली गेली. कृष्णाचे ते बोचणारे बोलणे मात्र संहितेत आहे. हस्तलिखितांची साक्ष असली की विसंगती राहू द्यावयाची, आणि साक्ष नसली की आवडती कथाही बाहेर ठेवावयाची, हा त्या आवृत्तीचा कणखरपणा मला बायबलच्या टीकाकारांच्या तोडीचा वाटतो.

आपल्या भाषेपुरता एक प्रश्न उरतो. या लोकांना मराठीत म्हणावे काय? ग्रीक भाषांतरकारांनी नेफिलीम, रेफाई या साऱ्यांना आपल्या पुराणातल्या ‘गिगांतेस’ या एकाच गोणीत भरले आणि निम्मा घोटाळा तेथेच केला. मराठीत राक्षस म्हटले की सुळे आणि शिंगे आलीच. दैत्य म्हटले की दितीचे पोर. आमच्या पोथ्यांत राक्षस हा जन्माने असतो, मापाने नव्हे, बिभीषण राक्षसच. आणि गल्याथ तर नुसता पितळी चिलखताखाली घामाघूम झालेला भाडोत्री वाटावा असा माणूस. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केडगावात आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात घातली, ती साध्या बायकांना कळेल असे मराठी असावे आणि पुराणांचे भलते रंग त्याला लागू नयेत या हट्टाने. त्या १९२२ साली वारल्या. त्यांचा तो हट्ट या ठिकाणी मला पुरेपूर पटतो. त्यांच्या आधी तीनशे वर्षे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेव्हा नेमका उलटा मार्ग धरला होता. ओवी घेतली, पुराण हे नाव घेतले, आणि रसाची बाजू मारून नेली. नारायण वामन टिळक अखेरच्या दिवसांत, १९१७ साली, साताऱ्यास येऊन राहिले आणि येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेले. मला स्टीफन्स आणि टिळक वाचावयास अधिक आवडतात. पण महाकायांच्या बाबतीत रमाबाईंचे ऐकावे. त्यातल्या त्यात ‘महाकाय’ हाच शब्द निरुपद्रवी. तो गणपतीलाही चालतो, त्यामुळे त्याला वाईट वास नाही. नेफिलीम, रेफाई, अनाकी ही नावे मात्र आहेत तशी राहू द्यावी; ती तीन आहेत, एक नव्हेत.

एकविसाव्या अध्यायाच्या त्या यादीत शेवटी जो येतो तो गथचा एक उंच माणूस. त्याच्या हातांना सहा सहा आणि पायांना सहा सहा, अशी एकंदर चोवीस बोटे होती, असे लिहिले आहे. बेरीजसुद्धा करून दिली आहे. तो इस्राएलाला टोचून बोलला आणि दावीदाच्या भावाचा मुलगा योनाथान याने त्याला मारले. मेल्यावर कोणीतरी जवळ बसून ती बोटे मोजली असणार. त्याचे नाव दिलेले नाही. ‘इतिहासा’तही तो तसाच, चोवीस बोटांचा आणि बिननावाचा, आला आहे.